विषमुक्त तांदळाचे जादा पैसे पवनीपर्यंत पोहोचतात का?

गेल्या हिवाळ्यात नागपुरातल्या एका आठवडी बाजारात आम्ही पवनी तालुक्यातील चार शेतकऱ्यांचा चिन्नोर तांदूळ घेऊन बसलो होतो. रासायनिक खत नाही, फवारणी नाही, हलका पॉलिश केलेला. भाव 110 रुपये किलो. समोरच्या किराणा दुकानात चांगला म्हणून विकला जाणारा तांदूळ त्याच्या जवळपास निम्म्या भावात मिळत होता. दिवसभरात तीन प्रकारची माणसे आली. एक, भाव ऐकून हसून पुढे जाणारी. दुसरी, 'सर्टिफिकेट आहे का?' असे विचारणारी. आणि तिसरी, बहुतेक पंचवीस ते पस्तीस वयाची, जी वास घेऊन, मोबाइलने पैसे देऊन, पाच मिनिटांत मोकळी झाली. त्यांच्यातल्या एका तरुणाने जाता जाता विचारले, "हा पिकवला कोणी?" पिशवीवर फक्त 'विषमुक्त तांदूळ' असे छापलेले होते. आम्ही तोंडी नावे सांगितली, पण ती त्याच्या लक्षात राहिली असतील असे वाटत नाही.

त्या प्रश्नाने आम्हाला बरेच दिवस सोडले नाही. शहरातला तरुण ग्राहक रसायनमुक्त अन्नासाठी जादा पैसे द्यायला तयार आहे, हे आता सगळेच सांगतात. कंपन्या, कृषी विभाग, सोशल मीडियावरची मंडळी. या विषयावर सर्वेक्षणेही भरपूर होतात. त्यातून साधारण हेच निघते की शिक्षण, उत्पन्न आणि घरात लहान मूल असणे यांच्याबरोबर तयारी वाढते. पण समाजशास्त्र शिकताना पहिल्याच वर्षी कळते की माणूस प्रश्नावलीत जे सांगतो आणि खिशातून जे काढतो, त्यात अंतर असते. 'आरोग्यासाठी जास्त पैसे द्याल का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणणे कुणालाच आवडत नाही. तरीही आमच्या बाजारातल्या अनुभवावरून आणि नागपुरात दरवर्षी भरणाऱ्या बीजोत्सवासारख्या ठिकाणची गर्दी पाहून आम्ही म्हणू की ही तयारी अगदीच खोटी नाही. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. ही जादा रक्कम जाते कुठे?

आधी भावाचा हिशेब करू, कारण ग्राहकाला 110 रुपये ऐकून लूट वाटते आणि कार्यकर्त्यालाही कधी कधी तसेच वाटते. 2025-26 च्या खरीप हंगामासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत 2,369 रुपये क्विंटल आहे. सरकारी भरडाईत एक क्विंटल धानाचे 67 किलो तांदूळ धरतात. म्हणजे आधारभूत केंद्रावर धान देणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती तांदळाच्या प्रत्येक किलोमागे साधारण 35 रुपये पडतात. आता समजा एका एकरात सुधारित वाणाचे खत-औषध घालून 18 क्विंटल धान होते. त्याचे 42,642 रुपये झाले. चिन्नोर उंच वाढतो, उशिरा निघतो, वाऱ्याने पडतो आणि उतारा कमी देतो. त्याचे रसायनाविना 9 क्विंटल धरा. लहान गिरणीवर कमी पॉलिश करून, तुटलेला तांदूळ वेगळा काढून, क्विंटलमागे 60 किलो म्हणजे एकूण 540 किलो तांदूळ मिळतो. तेवढेच 42,642 रुपये मिळवायचे तर किलोला 79 रुपये थेट शेतकऱ्याच्या हातात पडले पाहिजेत. भरडाई, पिशव्या, नागपूरपर्यंतचे 80 किलोमीटरचे भाडे आणि बाजारातल्या जागेचे पैसे त्यावर वेगळे. खताचा खर्च वाचतो, हे खरे. पण निंदणाचा वाढतो. हा कागदावरचा हिशेब आहे, प्रत्येक बांधीत तो वेगळा येईल. त्यातून दिसते ते एवढेच की 110 रुपयांत शेतकरी श्रीमंत होत नाही, तो फक्त आधीच्या जागेवर उभा राहतो. आणि हाच तांदूळ तो गावातल्या व्यापाऱ्याला देईल, तर तिथेही उभा राहू शकत नाही.

भंडारा चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. शेजारच्या भिवापूरच्या मिरचीलाही मिळाले आहे. मानांकनाने नावाला संरक्षण मिळते, पण पैसे कुणाकडे जावेत हे मानांकन ठरवत नाही. हे समजून घ्यायला आपल्याला फार लांब जायला नको. पवनीहून चंद्रपूर जिल्ह्यात शिरले की नागभीड तालुका लागतो. तिथल्या नांदेड गावात दादाजी रामाजी खोब्रागडे राहत होते. दीड एकराचे शेतकरी. 1983 च्या सुमारास त्यांना 'पटेल 3' धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षानुवर्षे निवडत नेल्या आणि त्यातून बारीक, चवदार असा 'एचएमटी' तांदूळ उभा राहिला. त्या काळात मनगटावर असणाऱ्या घड्याळाचे नाव त्या वाणाला पडले. 2005 मध्ये त्यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. एचएमटी आज देशातल्या कितीतरी घरांत शिजतो, साध्या तांदळापेक्षा जादा भावाने विकला जातो. दादाजी 3 जून 2018 ला गेले, तेव्हा उपचाराच्या खर्चाची विवंचना त्यांच्या घरात होती. ग्राहकाने जादा पैसे द्यायला कधी नकार दिला नव्हता. ते पैसे नांदेडपर्यंत येण्याची वाटच कुणी बांधली नव्हती.

आपल्या वस्तीतल्या अनेक तरुणांना दादाजींचे नाव माहीत नाही, हे आम्ही कार्यक्रमांतून पाहिले आहे. एचएमटी मात्र सगळ्यांना माहीत आहे.

आता 'रसायनमुक्त' या शब्दाकडे वळू. शहरात हा शब्द खाणाऱ्याच्या शरीराविषयी आहे. माझ्या ताटात अंश नको, माझ्या मुलाच्या दुधात नको. चूक काहीच नाही. पण रसायनाचा पहिला आणि सर्वात मोठा डोस ताटात जात नाही, तो पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या अंगात जातो. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. त्याच खरिपात आमच्याकडे भंडारा-गोंदियात धानावर तुडतुडे आले होते. उभ्या बांध्या जळाल्यासारख्या झाल्या आणि लोक जे मिळेल ते औषध मिसळून मारत होते. मोजा नाही, मास्क नाही, दुपारच्या उन्हात, उघड्या पायाने. फवारणीला कोण जातो? ज्याची शेती आहे तो प्रत्येक वेळी जातोच असे नाही. पंपाच्या हिशेबाने पैसे घेणारा मजूर जातो, आणि आपल्या भागात तो कुठल्या मोहल्ल्यातून येतो हे वाचकांना सांगायची गरज नाही. अंगुत्तर निकायातल्या वणिज्जा सुत्तात उपासकाने करू नयेत अशा पाच व्यापारांत विषाचा व्यापार आहे, हे आपण पंचशीलावरच्या प्रवचनांत ऐकतो. ती चर्चा दारूच्या दुकानापाशी थांबते. कृषी केंद्राच्या काउंटरपर्यंत ती क्वचितच येते.

म्हणून जादा भाव देणाऱ्या ग्राहकाला आम्ही हेही सांगू इच्छितो की तू वाचवतो आहेस ते फक्त तुझे यकृत नाही. विषमुक्त तांदळाच्या जाहिरातीत एकदा तरी फवारणी करणाऱ्याचा फोटो यायला हवा होता. आम्ही पाहिलेल्या जाहिरातींत हिरवे शेत, गाय आणि स्वच्छ धोतरातले आजोबा असतात.

यातली सर्वात गुंतागुंतीची बाब निंदणाची आहे. तिच्यावर आमचे आपसातही एकमत नाही. तणनाशक येण्याआधी धानाच्या बांधीत निंदण हे बायकांचे काम होते. पऱ्हे उपटणे, रोवणी, मग निंदण, मग कापणी. भूमिहीन घरातल्या बाईच्या वर्षाचा हिशेब या चार कामांवर चालायचा. तणनाशकाची बाटली आली आणि त्यातले निंदणाचे दिवस गेले. शेतकऱ्याच्या दृष्टीने खर्च वाचला, मजूर बाईच्या दृष्टीने मजुरी बुडाली. रसायनाविना शेती परत आली की निंदण परत येते. म्हणजे शहरातल्या ग्राहकाच्या जादा पैशातला मोठा भाग खरे तर निंदणाच्या मजुरीचा आहे. तो त्या बाईला मिळाला, तर ही चळवळ आपली आहे. पण आम्ही असेही पाहिले आहे की विषमुक्त शेतीचे नाव सांगून शेतकरी निंदण घरच्याच बायकांकडून करून घेतो, किंवा जुन्याच मजुरीत दोन तास जास्त थांबवून घेतो. आमच्यातली एक सहकारी म्हणते की दिवसभर चिखलात वाकून राहण्याला रोजगार म्हणून गौरवायचे कारण नाही, त्यापेक्षा कोनो विडर चालवा. दुसरी म्हणते की विडर चालवायला पुरुष जातो, मग मजुरीही त्याच्याकडेच जाते. दोघींचे खरे आहे. पवनी तालुक्यातल्या एका बैठकीत एक मावशी बोलल्या, "तुमी इख नका मारू म्हनता, बरं हाय. पन निंदनाचे पैसे कोन वाढवल, ते बी सांगा." त्या बैठकीत या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही.

आणि मावशींच्या घरात कोणता तांदूळ शिजतो? रेशनचा. माणशी 5 किलो, मोफत. तो मिळतो म्हणून घर चालते, त्याला नावे ठेवणाऱ्यांपैकी आम्ही नाही. पण चिन्नोरची रोवणी करणारी बाई चिन्नोर खात नाही, हे लिहून ठेवले पाहिजे. शेतकऱ्यांच्या घरात मात्र जुनी रीत आहे: खायचा धान वेगळा, विकायचा वेगळा. धुऱ्याजवळच्या एका बांधीत औषध मारायचे नाही, तो घरचा. विषाचे ज्ञान गावाला शहराच्या आधीपासून आहे.

तसेच जवसाचे. धान निघायच्या आधी ओल्या बांधीत लाखोळी, जवस फेकून द्यायची उतेऱ्याची पद्धत आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे. त्याला खत नाही, औषध नाही, पाणीही नाही. आयते विषमुक्त पीक. गावात जवसाची चटणी ही गरिबाच्या घरची गोष्ट. तेच जवस पुण्यात 'फ्लॅक्स सीड्स' म्हणून काचेच्या बरणीत विकले जाते आणि आपलाच हिंजवडीतला भाऊ ते डाएटसाठी विकत घेतो. चवीची आणि वस्तूंची प्रतिष्ठा वर्गावर कशी ठरते, यावर एमएच्या अभ्यासक्रमात आम्ही जाड पुस्तके वाचली. आईच्या डब्यातल्या जवसाने ते जास्त लवकर कळते.

'शुद्ध', 'सात्त्विक', 'वैदिक', 'गो-आधारित' हे शब्द विषमुक्त अन्नाच्या बाजारात भरपूर आहेत. आपल्या तरुणांना ते खटकतात आणि खटकायला हवेत. शुद्धतेच्या भाषेचा आपला इतिहास ताटाशी आणि पाणवठ्याशी जोडलेला आहे. पण म्हणून हा विषयच त्यांचा असे मानून बाजूला होणे आम्हाला परवडणारे नाही. शेणखत, गोमूत्र, निंबोळी अर्क हे शेतीचे साहित्य आहे, ते कुठल्या धर्माचे नाही. अडचण व्यवहाराची आहे. जीवामृताला जनावर लागते. जनावर ठेवायला चारा आणि जागा लागते. 2015 च्या कायद्यानंतर राज्यात बैलाच्याही कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे म्हातारा बैल विकून नवा घेण्याची लहान शेतकऱ्याची वाट बंद झाली. 2024 मध्ये सरकारने देशी गायीला राज्यमातेचा दर्जा दिला. त्या घोषणेने आमच्या चार शेतकऱ्यांपैकी कुणाच्या गोठ्यात गाय आली नाही. दोघे शेण विकत घेतात.

पवनीच्या बाबतीत आणखी एक प्रश्न आहे, जो नागपूरच्या ग्राहकाशी थेट जोडलेला आहे. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि वैनगंगेतून गोसीखुर्दच्या जलाशयात येते. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते या धरणाचे भूमिपूजन झाले. मूळ अंदाज 372 कोटींचा, पुढचा खर्च किती पटींनी वाढला हे सर्वांना माहीत आहे. त्यासाठी पवनी, भिवापूर, कुही तालुक्यांतली गावे उठली. ज्यांची शेते वाचली त्यांना कालव्याचे पाणी मिळू लागले, आणि ते पाणी कोणत्या शहरातून आले आहे हे त्याच्या रंगावरून आणि जलपर्णीवरून ओळखू येते. नाग नदी स्वच्छ करण्यासाठी सुमारे 1,927 कोटींचा प्रकल्प केंद्राने मंजूर केलेला आहे. तो पूर्ण होईपर्यंत स्थिती अशी आहे की नागपूर आम्हाला सांडपाणी पाठवते आणि आमच्याकडून विषमुक्त तांदूळ मागते. बाजारात आम्हाला 'पाणी कुठले?' असे एकाही ग्राहकाने विचारले नाही. विचारले असते, तर आमचे चौघे पावसाच्या आणि मामा तलावाच्या पाण्यावर आहेत असे सांगून सुटलो असतो. कालव्याखालच्या शेतकऱ्याने काय सांगायचे? त्याने युरिया टाकला नाही हे खरे असेल. पाण्यात काय आले ते त्याच्या हातात नाही.

जो ग्राहक किलोमागे पन्नास रुपये जादा द्यायला तयार आहे, त्याने नागपूर महापालिकेला सांडपाण्याबद्दल एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे? जादा पैसे देऊन स्वतःपुरते स्वच्छ अन्न मिळवणे हा खाजगी उपाय झाला. नदी खाजगी नसते.

आता सर्टिफिकेट. निर्यातीसाठीची त्रयस्थ संस्थेची तपासणी लहान शेतकऱ्याला झेपत नाही. देशांतर्गत विक्रीसाठी पीजीएस नावाची सहभागी हमी पद्धत आहे. यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेते तपासतो आणि एकमेकांची हमी देतो. खर्च कमी, विश्वास जास्त. 2015 पासून परंपरागत कृषी विकास योजनेतून असे गट उभे करायला पैसाही येतो. कागदावर आम्हाला ही पद्धत आवडते. गावात ती कशी चालते ते पाहिले की दोन अडचणी दिसतात. पहिली, जमीन पूर्ण सेंद्रिय व्हायला साधारण तीन वर्षे लागतात आणि नोंदणी सातबाऱ्यावर होते. आपल्या समाजातले कितीतरी लोक शेती करतात, पण ठेक्याने किंवा अधियाने, तोंडी बोलीवर, एका वर्षासाठी. तीन वर्षे माती सुधारली आणि चौथ्या वर्षी मालकाने बांधी काढून घेतली, तर सर्टिफिकेट कुणाचे? दुसरी, धानात पाणी बांधीतून बांधीत उतरते. वरच्याने फवारले की खालच्याच्या शेतात ते येणारच. हमीसाठी वरचा शेजारी गटात यायला हवा, आणि कोण कुणाच्या गटात बसतो हे गावात कृषी सहायक ठरवत नाही.

म्हणजे आपण पुन्हा जमिनीपाशी येतो. बाबासाहेबांनी 1918 मध्येच लहान धारणक्षेत्रांवर लेख लिहून सांगितले होते की प्रश्न नुसत्या तुकड्याच्या आकाराचा नाही, त्या तुकड्यावर लागणाऱ्या भांडवलाचा आणि शेतीवर अडकून पडलेल्या माणसांचा आहे. 1959 आणि 1964 ला दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो लोक तुरुंगात गेले. आज 'ऑरगॅनिक' या शब्दाभोवती जे नवे पैसे फिरत आहेत, ते ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्याकडेच जाणार, जर आपण मध्ये काही केले नाही तर.

काय करता येईल? आमच्याकडे मोठी योजना नाही. एक गोष्ट मात्र आधीपासून घडते आहे, तिच्याकडे लक्ष वेधतो. पुण्याला, नागपूरला नोकरी करणारी आपली मुले दिवाळीनंतर परत जाताना ट्रॅव्हल्सच्या डिकीत घरच्या तांदळाचे पोते घेऊन जातात. रूममेट तो खातात आणि पुढच्या वेळी मागतात. ही विश्वासाची साखळी आहे, तिला सर्टिफिकेट लागत नाही. अशा दहा मुलांनी हंगामाच्या आधी, म्हणजे पऱ्हे टाकायच्या वेळी, वर्षाचा तांदूळ ठरवून थोडी आगाऊ रक्कम दिली, तर ठेक्याने शेती करणाऱ्यालाही सावकाराकडे जावे लागणार नाही. भाव आधी ठरवा, त्यात निंदणाची मजुरी वेगळी लिहा. हे काम धर्मादाय नाही, मेहेरबानी तर नाहीच. चांगला तांदूळ मिळतो.

अडचणी येतील. गेल्या वर्षी एका ऑनलाइन विक्रेत्याने आमच्याकडून माल उचलला, पैसे चार महिन्यांनी दिले आणि पाकिटावर स्वतःचे नाव छापले. चूक आमचीही होती. आम्ही लेखी काही केले नव्हते.

पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केले, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्तूपाच्या कठड्याचे दगड निघाले. त्यावर ब्राह्मीत दान देणाऱ्या साध्या उपासक-उपासिकांची नावे कोरलेली आहेत. आम्ही शाळेच्या सहली तिथे घेऊन जातो, तेव्हा मुलांना राजांपेक्षा ती नावे वाचून दाखवायला आम्हाला आवडते.

यंदाच्या पिशवीसाठी आम्ही नवे लेबल छापायला दिले आहे. त्यावर शेतकऱ्याचे नाव, गाव, पाणी कुठले, शेवटची फवारणी कोणत्या वर्षी झाली आणि रोवणी-निंदण करणाऱ्या बायकांची नावे आहेत. शेतकऱ्यांपैकी एकाने विचारले, मजुरांची नावे कशाला? त्यावर बरीच चर्चा झाली, अजून पूर्ण मिटलेली नाही. बायकांपैकी एकीने नवऱ्याचे नाव मध्ये घालू नका असे बजावून सांगितले. निंदणाची मजुरी दिवसाला किती वाढवायची, हे ठरवायला पुढच्या रविवारी पुन्हा बैठक आहे. मावशी येणार आहेत.